परतीची हवा: लिव्होनियातल्या घराचे डक्ट बदलताना ठेवलेल्या नोंदी

मिशिगनमध्ये डेट्रॉइटच्या पश्चिमेला असलेल्या लिव्होनियात आमचं घर आहे. १९५७ चं, विटांचं, एकमजली, १,१८० चौरस फूट, आणि खाली तेवढंच बेसमेंट. बेसमेंटमधला गॅसचा फर्नेस हवा तापवतो आणि पत्र्याच्या डक्टमधून ती खोल्यांत जाते. मागची ईशान्येची खोली कायम गार. थर्मोस्टॅट ७० फॅरनहाइटवर (२१ सेल्सियस) असताना तिथे ६१ (१६ सेल्सियस). आई सांगलीहून येते तेव्हा तीच तिची खोली. दोन हिवाळे तिने विजेचा हीटर उशाशी ठेवून काढले.

फर्नेस २१ वर्षांचा झालाय, बदलायचाच आहे. फर्नेस, गॅस आणि एसी यांचं काम परवानाधारक कंत्राटदाराकडे. डक्ट मात्र मी स्वतः करणार आहे. मी सॉफ्टवेअरमधला माणूस, पत्र्याचं काम कधी केलेलं नाही. इथे थंडीच्या मुलखात राहणाऱ्या आणखी कुणाला हेच करायचं असेल तर त्याच्यासाठी या नोंदी.

११ मार्च २०२३, शनिवार

दोन नळ्यांचा मॅनोमीटर आणि डक्टमध्ये खुपसायच्या दोन बारीक टोकदार नळ्या घेतल्या, ६२ डॉलर. फर्नेसच्या आधी एक आणि नंतर एक भोक पाडून दाब मोजला. दाब 'पाण्याच्या इंचां'त मोजतात. रिटर्नच्या (खोल्यांतली हवा फर्नेसकडे परत येते त्या) बाजूला उणे ०.४९, सप्लायच्या (तापलेली हवा खोल्यांकडे जाते त्या) बाजूला अधिक ०.१२. चिन्ह सोडून बेरीज ०.६१. फर्नेसच्या पाटीवर जास्तीत जास्त ०.५० लिहिलंय. थोडंच जास्त आहे असं वाटून समाधानाने वर आलो.

१२ मार्च

कालचं माप चुकलं होतं. फर्नेसमधून निघालेली हवा आधी एसीच्या कॉइलमधून, म्हणजे हवा गार करणाऱ्या नळ्यांच्या जुडग्यातून जाते; सप्लायचं भोक मी त्या कॉइलच्या पुढे पाडलं होतं. पाटीवरचा ०.५० हा आकडा फर्नेसच्या पेटीबाहेरच्या सगळ्या अडथळ्यांसाठी आहे आणि कॉइल पेटीबाहेरच येते. म्हणजे भोक फर्नेस आणि कॉइल यांच्या मधे हवं. तिथे आंधळेपणाने ड्रिल चालवला तर कॉइल फुटू शकते. म्हणून कॉइलच्या पेटीचा पत्रा उघडला, आत काय कुठे आहे ते पाहिलं आणि मगच भोक पाडलं.

खरे आकडे: रिटर्नचा डक्ट ०.२२, फिल्टर ०.२७, कॉइल ०.२४, सप्लायचा डक्ट ०.१२. बेरीज ०.८५.

हे आकडे मी वहीत तीनदा लिहिले. खोलीत गरम हवा कमी येते म्हणून मी सप्लायचे डक्ट मोठे करायला निघालो होतो, आणि चौघांत सगळ्यात कमी अडथळा त्यांचाच होता. हवा कोंडत होती ती परत येताना. जेवढी हवा फर्नेसकडे परत येते तेवढीच तो पुढे ढकलू शकतो. आमच्याकडे रिटर्न म्हणजे दोन जोइस्टच्या (जमीन तोलणाऱ्या आडव्या तुळयांच्या) मधल्या पोकळीला खालून पत्रा ठोकून केलेला मार्ग, आणि पुढे एक इंची दाट फिल्टर. तो फिल्टर मीच आणला होता, धूळ कमी होईल म्हणून.

तापमानही पाहिलं. आत जाणारी हवा ६८, बाहेर पडणारी १४२, फरक ७४. पाटीवरची मर्यादा ४० ते ७०.

२५ मार्च

दोन शनिवार-रविवार उष्णतेच्या हिशोबात गेले. एअर कंडिशनिंग कॉन्ट्रॅक्टर्स ऑफ अमेरिका या संस्थेची 'मॅन्युअल जे' ही पद्धत आहे: प्रत्येक खोलीच्या भिंती, खिडक्या, छत मोजायचं आणि ती खोली तासाला किती बीटीयू (उष्णतेचं एकक) घालवते ते काढायचं. बाहेरचं तापमान ५ फॅरनहाइट (उणे १५ सेल्सियस) धरलं. उत्तर आलं ४३,००० बीटीयू.

ते पटेना म्हणून गॅसच्या बिलाकडे वळलो. जानेवारीचा वापर १९० सीसीएफ (एक सीसीएफ म्हणजे शंभर घनफूट गॅस), म्हणजे सुमारे १९७ थर्म (एक थर्म म्हणजे एक लाख बीटीयू). गिझर आणि शेगडीचे २२ वजा केले, उरले १७५. जुना फर्नेस ८० टक्केवाला, म्हणजे गॅसच्या उष्णतेपैकी तेवढीच घरात देणारा, म्हणून घरात पोचले १४० थर्म, म्हणजे १ कोटी ४० लाख बीटीयू. त्या महिन्याचे हीटिंग डिग्री डे (रोजचं सरासरी तापमान ६५ फॅरनहाइटच्या किती खाली होतं त्याची बेरीज) सुमारे १,२००. त्यांना २४ ने गुणून भागाकार केला की दर अंशाला तासाला ४८६ बीटीयू येतात. ६५ ते ५ म्हणजे ६० अंश. उत्तर २९,००० च्या जरा वर.

हिशोब पुन्हा उघडला तेव्हा चूक दिसली. जिथे शंका आली तिथे मी प्रत्येक वेळी वाईटातलं वाईट धरलं होतं: खिडक्या जुन्या (त्या २०११ मध्ये बदलल्यात), घर गळकं, बेसमेंटच्या भिंती पूर्ण उघड्या. दुरुस्तीनंतर ३२,००० आलं. त्यातले ४,६०० एकट्या आईच्या खोलीचे, कारण दोन बाहेरच्या भिंती आणि उत्तरेची खिडकी.

आत्ताचा फर्नेस तासाला १,००,००० बीटीयूचा, म्हणजे घरात ८०,००० देणारा. गरजेच्या अडीचपट. बिलाची पडताळणी अर्ध्या तासाची आहे. ती आधी करायला हवी होती.

१ एप्रिल

तीन कंत्राटदार येऊन गेले. दोघांनी जुन्या फर्नेसचा आकडा वाचून तेवढाच नवा सुचवला, शिवाय ३ टनांचा एसी. तिसऱ्याने माझे कागद वाचले आणि ४०,००० चा, ९६ टक्केवाला फर्नेस (घरात ३८,४००) आणि २ टनांचा एसी द्यायला तयार झाला. काम त्याला दिलं.

डक्टच्या दृष्टीने यात एक गोष्ट दडलेली होती. एसीला टनामागे साधारण ४०० सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा लागते. २ टनांना ८००, ३ टनांना १,२००. माझ्या बेसमेंटमध्ये १,२०० सीएफएमचा ट्रंक (मुख्य डक्ट, ज्यातून खोल्यांच्या शाखा फुटतात) बसायला जागाच नाही. डक्टचं माप फर्नेसपेक्षा एसी ठरवतो हे मला आज कळलं.

गरम हवेचा हिशोबही जुळतो: ३८,४०० ला १.०८ आणि ४५ अंशांच्या वाढीने भागलं की ७९०. म्हणून ८०० सीएफएम पक्के. आईच्या खोलीचा वाटा ४,६०० भागिले ३२,००० गुणिले ८००, म्हणजे ११५. सध्या तिथे जातो एक ५ इंची नळ, २६ फूट लांब, चार वळणांचा. त्यातून ६० सीएफएम आली तरी खूप.

८ एप्रिल

डक्टचं माप काढायची गोल तबकडी मिळते. एका खिडकीत घर्षणाचा दर (दर १०० फुटांत किती दाब खर्च होऊ द्यायचा तो) लावायचा, दुसरीत माप वाचायचं. जो तो दर ०.१ लावतो. मीही लावला. ८०० सीएफएमला ८ × १८ चा ट्रंक आला, ६ इंची शाखेला ११० सीएफएम. आनंदाने चित्र काढून टाकलं.

रात्री त्याच संस्थेची डक्टच्या मापांसाठीची 'मॅन्युअल डी' ही पद्धत नीट वाचली. दर गृहीत धरायचा नसतो, काढायचा असतो. ०.५० मधून कॉइलचे ०.१८ गेले, फिल्टरचे ०.१०, रजिस्टर (खोलीत हवा सोडणारं तोंड), रिटर्नची जाळी आणि डॅम्पर (डक्टमधली झडप) यांचे प्रत्येकी ०.०३. उरले ०.१३. हे सगळ्यात लांब मार्गावर वाटायचे. मार्गाची लांबी म्हणजे नुसती टेपने मोजलेली नाही. प्रत्येक वळण आणि प्रत्येक फाटा सरळ नळाच्या काही फुटांइतका धरायचा. माझा सप्लाय १५० आणि रिटर्न ९०, एकूण २४० फूट. ०.१३ गुणिले १०० भागिले २४० म्हणजे ०.०५४.

गृहीत धरलेल्याच्या जवळपास निम्मा. या दराने ट्रंक ८ × २४ हवा. लोखंडी बीम आणि बिडाचा सांडपाण्याचा पाइप यांच्यामध्ये मला २२ इंच जागा आहे.

१५ एप्रिल

आठवडाभर ट्रंक कसा बसवायचा याच विचारात होतो. मग ध्यानात आलं की डक्ट मोठा करण्याऐवजी अडथळे कमी केले तरी दर वाढतो.

फिल्टर १६ × २५ च्या जागी २० × २५, चार इंच जाड. पृष्ठभाग वाढला की अडथळा ०.०७ वर येतो. उरले ०.१६. रिटर्न फर्नेसला जिथे मिळतो तिथला चौकोनी काटकोन काढून आत वळणपट्ट्या असलेला कोपर घेतला. ट्रंकवरचे फाटे सरळ कॉलरचे होते, ते तिरके केले. आईच्या खोलीच्या मार्गातली दोन वळणं फाट्याची जागा हलवून वाचली. सप्लाय १२५, रिटर्न ७५, एकूण २००. दर ०.०८.

०.०८ ला ट्रंक ८ × २०. बसतो. पहिल्या तीन शाखांत ३०० सीएफएम गेली की उरलेल्या ५०० साठी ८ × १४ पुरतो. रिटर्नचा ट्रंक ८ × २४, तो बीमच्या दुसऱ्या बाजूने जातो आणि तिथे जागा आहे. त्यात वेग मिनिटाला ६०० फूट, त्यामुळे आवाजही कमी राहील. आईच्या खोलीला दोन ६ इंची शाखा. आणि त्या खोलीला स्वतःचा रिटर्न, जो ६६ वर्षांत कधीच नव्हता. दार बंद केलं की तिथली हवा दाराखालच्या फटीतून जेवढी निसटेल तेवढीच परत यायची.

६ मे

आईच्या खोलीत दुसऱ्या रजिस्टरसाठी जमीन कापली. भिंतीपासून माप घेतलं होतं. वरची भिंत आणि खालचा पाया एका रेषेत नसतात हे विसरलो. ओकच्या लाकडी जमिनीत ४ × १० चं भोक पाडलं आणि त्याच्या बरोबर मधोमध जोइस्ट निघाला.

तुकडा परत बसवून चिकटवला, पण डाग दिसतो आणि दिसत राहील. योग्य रीत: आधी बारीक भोक पाडून त्यातून तार खाली सोडायची, बेसमेंटमध्ये जाऊन ती जोइस्टपासून किती लांब आहे ते मोजायचं, मगच करवत घ्यायची. दुसऱ्या खेपेला तसं केलं, दहा मिनिटं लागली. आधीच्या चुकीत पाच तास गेले.

२० मे

जुने डक्ट उतरवायला सुरुवात केली आणि अर्ध्या तासात थांबवली.

जोडांवर पांढरी, कागदासारखी पट्टी चिकटवलेली होती. एक मी हाताने ओढून काढली, कोरडीच. दुसरीला हात घातला तेव्हा तिचे तंतू दिसले. त्या काळच्या घरांत डक्टच्या जोडांना ॲस्बेस्टॉसची पट्टी लावत. पंखा बंद केला, पट्टीवर पाणी फवारलं, पिशवीत बांधली, कपडे जिन्यातच काढले. माझी सहा वर्षांची मुलगी याच बेसमेंटमध्ये सायकल चालवते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

२६ मे

प्रयोगशाळेचं उत्तर आलं, ४० डॉलर. ॲस्बेस्टॉस आहे. काढायला परवानाधारक लोक बोलावले, १,०५० डॉलर. तारीख ७ जूनची. तोवर बेसमेंट बंद.

तुमचं घर १९८० च्या आधीचं असेल तर पट्टीला हात लावण्याआधी नमुना तपासून घ्या. पाणी फवारून, मास्क लावून, नखाएवढा तुकडा पुरतो. माझ्या सगळ्या चुकांत हीच एक पैशाने भरून निघणारी नाही.

१० जून

बेसमेंट साफ. ट्रंकचे तुकडे आणले. घराबाहेरच्या आवारात पहिला पत्रा कापला आणि तो तिरका गेला.

सांगलीला मामांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांचं पत्र्याचं दुकान होतं; धान्याच्या कोठ्या, पन्हाळी, बंब, सगळं हाताने करत. मी कात्री दाखवली. ते म्हणाले, "अरे, तू पत्र्यावर कशाला शिकतोयस? पुठ्ठा घे. पुठ्ठ्यावर काढ, दुमड, लावून बघ, मग पत्र्याला हात लाव." दुसरं त्यांनी सांगितलं ते उघड्या कडांचं: कड अर्धा इंच आत दुमडून घ्यायची, म्हणजे हातही कापत नाही आणि पत्रा थरथरतही नाही.

लाल दांड्याची कात्री डावीकडे वळते, हिरव्या दांड्याची उजवीकडे. दोन्ही घ्या. मी लालवरच भागवत होतो, म्हणून पत्रा तिरका जात होता. पुठ्ठ्याची युक्ती पुढे प्रत्येक जोडाला वापरली आणि त्यानंतर एकही पत्रा वाया गेला नाही.

१४ जून

नवा फर्नेस आला आणि माझा प्लेनम (फर्नेस-कॉइलच्या वरची पत्र्याची पेटी, जिच्यातून ट्रंक निघतो) त्यावर बसेना. प्लेनम मी पत्र्याच्या दुकानातून जुन्या फर्नेसच्या मापाने करून घेतला होता, १४० डॉलर. लहान क्षमतेच्या फर्नेसची पेटी अरुंद असते आणि कॉइलची पेटी आणखी वेगळ्या मापाची. कंत्राटदाराने फर्नेस आणि कॉइल जागेवर बसवून दिल्यावर कॉइलच्या तोंडाचं माप घेतलं आणि दुसरा करून आणला, १५५ डॉलर. चार दिवस गेले.

कंत्राटदाराने आणखी एक गोष्ट दाखवली. जुना फर्नेस आणि गिझर एकाच चिमणीत धूर सोडत. नवा फर्नेस प्लास्टिकच्या पाइपातून थेट बाहेर सोडतो, म्हणजे एवढ्या मोठ्या चिमणीत आता एकटा गिझर. त्याचा धूर गार होऊन वर चढायचा नाही. चिमणीत आतून अरुंद नळ सोडावा लागला, ९५० डॉलर. हा खर्च माझ्या कुठल्याच कागदावर नव्हता.

१७ ते २५ जून

शाखा. प्रत्येक नळाचं एक टोक चुण्या पाडून बारीक केलेलं असतं. ते हवा जाते त्या दिशेला असायला हवं. आईच्या खोलीची पहिली २६ फुटांची शाखा मी उलटी लावली. सगळे स्क्रू काढून पुन्हा, तीन तास.

जोडांना ब्रशने मॅस्टिक (फटी बुजवणारा घट्ट लेप) लावलं, कडांना धातूची पट्टी. 'डक्ट टेप' म्हणून विकली जाणारी करडी कापडी पट्टी डक्टला लावू नका. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत १९९८ मध्ये वेगवेगळ्या पट्ट्या गरम-गार करून तपासल्या होत्या आणि कापडी पट्टीचे जोड सुटले. आमच्या जुन्या डक्टवरही ती वाळक्या सालीसारखी लोंबत होती.

प्रत्येक शाखेला ट्रंकजवळ डॅम्पर बसवला.

२९ जून

शहराचा इन्स्पेक्टर आला. नापास.

बेसमेंटची हवा खेळती राहावी म्हणून मी रिटर्नच्या ट्रंकला तिथेच एक जाळी ठेवली होती, गिझरपासून सहा फुटांवर. ड्राफ्ट हूड (धुराच्या नळाच्या बुडाशी खोलीची हवा आत घेणारं उघडं तोंड) असलेल्या उपकरणापासून, म्हणजे इथे गिझरपासून, त्याच खोलीत १० फुटांच्या आत रिटर्नचं तोंड चालत नाही. पंखा खोलीतली हवा ओढतो, चिमणीतून वर जाणारा धूर उलटा खाली येतो आणि कार्बन मोनॉक्साइड थेट घरभर फिरतो. मी हा नियम वाचलाच नव्हता. त्याने न रागावता, गिझरजवळ उभं राहून समजावलं. भोक पत्र्याने बंद केलं, मॅस्टिक लावलं. ६ जुलैला पास. परवान्याची फी ११५ डॉलर होती आणि त्या पैशांत माझ्या घरातली माणसं सुरक्षित झाली.

१५ जुलै

खोल्यांत हवा वाटून देणं. स्वस्त पंख्याचा वेगमापक आणला, पण रजिस्टरवर तो दोन इंच हलवला की आकडा दुप्पट व्हायचा. मग ३३ गॅलनची कचऱ्याची पिशवी पुठ्ठ्याच्या चौकटीला लावली. तिच्यात ४.४ घनफूट हवा मावते. चपटी करून रजिस्टरवर धरायची आणि फुगायला किती सेकंद लागतात ते फोनवर चित्रण करून मोजायचं. अडीच सेकंद म्हणजे १०५ सीएफएम. फार अचूक नाही, पण खोल्यांची आपसात तुलना करायला उत्तम.

स्वयंपाकघर आणि पुढची खोली हवा जास्त खात होत्या. त्यांचे डॅम्पर थोडे मिटले. एका डॅम्परला हात लावला की बाकी सगळे बदलतात, म्हणून तीन फेऱ्या झाल्या. आईच्या खोलीला दोन्ही शाखा मिळून १०८. हवे होते ११५. चालेल.

खर्च जुळवला: पत्रा आणि नळ १,१४०, दोन प्लेनम २९५, ॲस्बेस्टॉस १,०९०, हत्यारं २१०, मॅस्टिक आणि पट्टी ९६, परवाना ११५, मॅनोमीटर ६२. एकूण ३,००८ डॉलर. अंदाज १,२०० चा होता. चिमणी आणि कंत्राटदाराचं बिल वेगळं. तास वहीत लिहिलेत ९६, अंदाज ३० चा होता.

१७ जानेवारी २०२४

याच दिवसाची वाट पाहत होतो. सकाळी सहाला बाहेर ४ फॅरनहाइट, म्हणजे हिशोबात धरलं होतं त्याच्याही खाली.

मॅनोमीटर: रिटर्नचा डक्ट ०.०९, फिल्टर ०.०८, कॉइल ०.१७, सप्लाय ०.११. एकूण ०.४५. हवेची तापमानवाढ ४७ अंश, म्हणजे साधारण ७५५ सीएफएम. फर्नेस तासातली पन्नासेक मिनिटं चालतोय, आणि ३८,४०० च्या यंत्राला ३२,००० च्या घरात एवढंच चालायला हवं.

थर्मोस्टॅट ७०. आईच्या खोलीत दार बंद असताना ६८.५.

आई नोव्हेंबरपासून इथेच आहे. विजेचा हीटर तिने डिसेंबरात स्वतःच उचलून गॅरेजमध्ये नेऊन ठेवला.

राहिलेलं काम: हॉलमधल्या रिटर्नला रात्री बारीक शिट्टी येते. त्या १४ × ८ च्या जाळीतून ३०० सीएफएमच्या आसपास जातेय, जास्त होतं. मार्चमध्ये भिंत वर कापून १४ × १४ ची लावणार. या खेपेला आधी तार घालून पाहणार आहे, आत विजेची वायर गेली आहे का ते.